बाकाखालची चाळीस लिटरची टाकी

नोव्हेंबरच्या सोळा तारखेला, रविवारी, शहापूरच्या एका गॅरेजात मेहुण्याच्या जीपला जादा पेट्रोल टाकी बसवायचा सौदा साडेअकरा हजारांना ठरला. चार हजार आगाऊ दिले. ते मी दिले, कारण मेहुण्याकडे त्या दिवशी रोख नव्हती. हजर चौघे होतो: मी, मेहुणा, गॅरेजचा मालक आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना डोळे दाखवायला शहापूरला आणलं होतं. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्या जीपमधून उतरल्याच नाहीत. पदर डोळ्यांवर धरून मागच्या डाव्या बाकावर बसून राहिल्या. टाकी त्याच बाकाखाली यायची होती.

मी मुरबाडला एका भातगिरणीत हिशेब लिहितो. मेहुणा वैशाखऱ्याला राहतो. घरची भातशेती आहे, पण पोट चालतं ते जीपवर. शनिवार-रविवारी शहरातली माणसं डोंगराच्या पायथ्याला तंबूत राहायला येतात, त्यांना डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे, नदीच्या पात्रातून आणि दगडांवरून, तो घेऊन जातो. कुणाची गाडी चिखलात रुतली तर दोर लावून ओढूनही काढतो. जीप जुनी, पेट्रोलवरची, चारही चाकांना ओढ असलेली. तिची मूळ टाकी चाळीस लिटरची. रस्त्यावर ती लिटरला नऊ किलोमीटर देते, पण लो गिअर टाकून ओढ्यात घातली की जेमतेम चार. पंप लांब, म्हणून तो मागे पेट्रोलचे दोन प्लास्टिकचे कॅन बांधून ठेवायचा. झाकणं सैल झाली होती म्हणून त्यांच्याखाली पिशवीचा तुकडा दाबलेला. त्या कॅनांपेक्षा लोखंडी टाकी बरी, असं मलाही वाटलं होतं.

त्याला दोन मुली आहेत. एक दुसरीत, एक चौथीत. जीपमध्ये मागचा डावा बाक त्यांचा. उजव्या बाकावर दुसरं कुणीही बसो, डाव्यावर बसलं तर भांडण.

गॅरेजवाल्यानं दोन एमएम जाडीच्या पत्र्याची टाकी आधीच तयार ठेवली होती. मी टेप लावून मोजली. लांबी ऐंशी सेंटिमीटर, रुंदी पंचवीस, उंची वीस. गुणाकार केला तर बरोबर चाळीस लिटर. वेल्डिंग चांगलं होतं, कुठे भोक दिसलं नाही. पाणी भरून दिवसभर ठेवली होती म्हणाला, ते खरं असावं.

प्रश्न आला तो हवेच्या नळीचा. टाकीतलं पेट्रोल कमी झालं की हवा आत यायला आणि तापलं की वाफ बाहेर जायला वाट लागते. गॅरेजवाले तिला ब्रीदर म्हणतात. गॅरेजवाला नळी टाकीवरून खाली, गाडीच्या पोटाशी सोडणार होता.

मेहुणा म्हणाला, "खाली नको. नदीत घातली का पाणी बोनेटला लागतं. नळीतून टाकीत पाणी गेलं तर मधीच बंद पडंल."

"मग मागच्या पत्र्याला वर भोक पाडतो न् तिथून बाहेर काढतो."

"भोक नाय पाडायचं. पाचच महिने झालं रंग मारून. भोक पाडलं का तिथून गंज धरतो."

"मग काय तुझ्या डोक्यावरून काढू?"

"आतच ठेव ना. बाकाच्या मागं वर घे, वळसा दे, न् सोडून दे तिथंच. पाणी तिथवर येत नाय कधी."

गॅरेजवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "पेट्रोलची वाफ आत राहील त्याचं काय?"

"कापडी हूड हाय भावजी, खोली नाय," मेहुणा म्हणाला. "चारी बाजूंनी वारा."

मी पासिंगचंही विचारलं. गाडीच्या कागदावर एकच टाकी आहे, उद्या काही झालं तर विमावाले हात वर करतील, असं म्हटलं. गॅरेजवाला हसला. "बाकाखाली कोण बघायला येतंय, साहेब?" म्हणाला. मग मेहुण्याला म्हणाला, "एक कर. काठोकाठ भरू नको. चार बोटं मोकळी सोड."

"म्हंजे पैसं चाळीसचं घेतोस न् भरायचं पंचवीस?"

"पैसं पत्र्याचं घेतो, हवेचं नाय घेत."

दोघंही हसले. सासूबाई पदराआडून म्हणाल्या, "झालं का रं? मला काय दिसत नाय, पण हितं कसला तरी वास मारतो." गॅरेज होतं, तिथे वास होताच.

टाकी बसली. पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. मेहुणा त्यात दहा-पंधरा लिटर टाकायचा, कॉक फिरवला की ते मूळ टाकीत उतरायचं. कॅन गेले, मागची जागा मोकळी झाली. तो मला फोनवर म्हणाला की पैसे वसूल झाले. डिसेंबरात तंबूंची गर्दी वाढली तसा तो टाकी पुरी भरायला लागला.

नाताळच्या सुटीत बायको माहेरी दोन दिवस राहून आली. मेहुण्यानंच तिला जीपने मुरबाडला आणून सोडलं. ती आल्या आल्या डोकं धरून बसली. संध्याकाळी तिची साडी दोरीवर टाकताना मला वास आला. मी साडी नाकाशी धरली.

"कुठे बसली होतीस?"

"मागे. पोरींच्या बाकावर. त्या सोडायला आल्या होत्या ना. धाकटी ओकली वाटेत."

"घाटात?"

"घाट कुठे आहे या बाजूला? सरळ रस्त्यावर ओकली."

साडी दोनदा धुतली तरी काठाचा वास गेला नाही. मी मेहुण्याला फोन केला. तो वैतागला.

"नवीन वस्तूला वास येतोच भावजी. रंगाचा असंल."

"रंगाचा वास मला कळतो."

"अहो, गिऱ्हाईकं मागं बसून सिगरेटी ओढतात. काय झालं का कधी?"

त्यानं मला धीर धरायला सांगितलं. मला त्यानंतर नीट झोप लागली नाही. तंबूवरून परत येणारी चार अनोळखी माणसं, त्यांच्यातल्या एकाच्या हातात पेटती सिगरेट आणि दोन हातांवर ती नळी, हे मी त्या जागी नसताना कितीतरी वेळा घडून गेलं होतं. मी बायकोला म्हणालो, त्या गाडीत मागे बसायचं नाही. ती म्हणाली, "मी नाही बसणार. पोरींना कोण सांगणार?"

पौषात म्हसा गावात म्हशाची जत्रा भरते. आमच्या दोन्ही घरांचा नेम असा की जत्रेला एकत्र जायचं. सासूबाई देवळात नारळ देतात, मुली पाळण्यात बसतात, मेहुणा बैलांच्या बाजारात विनाकारण भाव विचारत फिरतो. मी घोंगडी बघतो आणि घेत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी मेहुणा आम्हाला न्यायला मुरबाडला आला आणि जाताना पंपावर दोन्ही टाक्या भरून घेतल्या. बाकाखालची टाकी भरताना नोझल आपोआप बंद पडल्यावरही त्यानं पंपावरच्या पोराला खूण केली आणि अजून थोडं थोडं घालायला लावलं.

"चार बोटं," मी म्हणालो.

"उद्या सगळं खानदान हाय गाडीत. जत्रेत पंपावर लाइन असते. भरू द्या."

वाटेत मी बायकोला पुढे बसवलं आणि मागे मी बसलो. हूडची मागची बाजू उघडीच ठेवली. थंडी होती. वैशाखऱ्याला पोचेपर्यंत माझे कान सुन्न झाले होते, तरी मी पडदा खाली सोडला नाही.

त्यांचं अंगण शेताकडे उतरतं आहे. जीप नेहमी तोंड उताराकडे करून उभी असते, म्हणजे सकाळी बॅटरीनं दगा दिला तर ढकलायची गरज नको. हूडला दोन ठिकाणी भोकं आहेत, दव आत पडतं, म्हणून मेहुण्यानं रात्री वरून निळी ताडपत्री घातली आणि चारी कोपरे दगडांनी दाबले. मी जेवताना पुन्हा टाकीचा विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "उद्याचा दिस जाऊ दे जावई, मंग काय ते बोला." मी विषय सोडला. सणाच्या दिवशी सासुरवाडीत वाद नको, एवढंच मनात होतं.

सकाळी ऊन डोंगरामागून उशिरा येतं, पण आलं की थेट अंगणात. मी पडवीत चहा पीत होतो. ताडपत्री उन्हात चमकायला लागली होती. दोन्ही मुली नवे फ्रॉक घालून बाहेर आल्या आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत एका कोपऱ्यातून ताडपत्रीखाली शिरल्या. बाकावरची जागा धरायची होती. आतून त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

तेवढ्यात सासूबाई ताट घेऊन आल्या. ताटात हळदकुंकू, नारळ, पेटवलेलं निरांजन आणि कापराच्या चार वड्या. मागून माझी बायको पाण्याचा तांब्या घेऊन.

"टाकी बसवल्यापास्नं गाडीला नारळ नाय दिला," सासूबाई मेहुण्याला म्हणाल्या. "नवी वस्तू हाय. तिच्यावर पोरी बसायच्या. काढ ती ताडपत्री."

मेहुण्यानं दगड बाजूला केले आणि ताडपत्री एका बाजूनं ओढली.

मी दहा-बारा पावलांवर होतो. वास माझ्यापर्यंत आला. पंपावर येतो तसा नाही. त्यानं डोळ्यांना पाणी आलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, जमिनीला धरून उताराकडे सरकते, हे मी कुठेतरी वाचलं होतं. उताराकडे जीपचं बोनेट होतं. बोनेटकडे सासूबाई निघाल्या होत्या, कारण कुंकू बोनेटला लावतात.

"आई, थांबा!"

त्यांना वाटलं मी काहीतरी विसरलोय म्हणून हाक मारतोय. त्या म्हणाल्या, "या, तुमी पन या, हात लावा ताटाला," आणि दोन पावलं पुढे गेल्या. बोलायला वेळ नव्हता. मी पडवीतून उडी मारली, बायकोच्या हातातला तांब्या ओढून घेतला आणि सगळं पाणी ताटात ओतलं. निरांजन विझलं. कुंकू आणि पाणी सासूबाईंच्या हातावरून, लुगड्यावरून खाली आलं.

सासूबाई ओल्या ताटाकडे बघत होत्या. माणसाच्या दारात, सणाच्या सकाळी, ओवाळायच्या आधी दिवा विझवणं म्हणजे काय, ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या घरी कुणी असं केलं असतं तर मीही त्याला आत घेतलं नसतं.

"जावई हाय म्हणून गप बसते," त्या एवढंच म्हणाल्या.

मेहुणा माझ्या अंगावर आला. "काय केलंत हे? येड लागलं का?"

"पोरींना खाली घे."

"आधी सांगा काय—"

"पोरींना खाली घे!"

माझा आवाज त्या घरात कधी चढला नव्हता. तो मागे फिरला. धाकटीला त्यानं काखेत उचललं. थोरली स्वतःच उतरली आणि आजीकडे निघाली. मी तिचा दंड धरला. तिच्या फ्रॉकचा मागचा भाग पाठीपासून खालपर्यंत ओला होता. मी हात लावला. हात गार पडला आणि लगेच सुकला. पाणी असं सुकत नाही.

मुलींची आई आतून धावत आली होती. तिनं फ्रॉकची कड नाकाशी नेली. मग तिनं सासूबाईंच्या हातातल्या ताटाकडे पाहिलं, ज्यात अजून कापूर तरंगत होता. थोरली मुलगी उतरल्यावर सगळ्यात आधी जाऊन उभी राहणार होती ती जागा त्या ताटासमोरची. हे आम्हा दोघांच्या एकाच वेळी लक्षात आलं असावं. तिनं मुलीला दोन्ही हातांनी उचललं आणि मागच्या बाजूला, विहिरीकडे नेलं.

मी मेहुण्याला किल्ली लावू दिली नाही. दोघांनी जीप ढकलून खळ्यावर, सपाटीला आणली. रबराची मॅट उचलली तर खालच्या पत्र्याच्या खाचांत पेट्रोल उभं होतं. बाकाचा फोम खालपासून वरपर्यंत भिजलेला. टाकीचं झाकण उघडून मी सरळ काठी सोडली. आदल्या संध्याकाळी काठोकाठ होती ती आता दोन सेंटिमीटर उतरली होती. त्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे दोन लिटर. चार लिटर पेट्रोल टाकीबाहेर आलं होतं, कॉक एकदाही न फिरवता.

कारण सापडायला फार वेळ लागला नाही. उतारावर टाकीची ज्या बाजूला नळी होती ती बाजू खाली गेली होती, त्यामुळे नळीचं तोंड पेट्रोलात बुडालं होतं. वर जी थोडी हवा उरली होती ती ताडपत्रीखाली तापून फुगली. तिला बाहेर पडायला वाट नव्हती, तेव्हा तिनं पेट्रोलच नळीत ढकललं. एकदा ते वळसा ओलांडून गेल्यावर आपोआप गळत राहिलं. नदीचं पाणी आत येऊ नये म्हणून जी नळी आत ठेवली, तिनं पेट्रोल आत आणलं.

मेहुणा काठी हातात घेऊन खळ्यावर उकिडवा बसला होता. तंबाखू काढली, मळली आणि न खाताच फेकून दिली.

"पोरी किती वेळ होत्या आत?" त्यानं विचारलं.

"पाचेक मिनिटं."

"आईनं कापूर आधी पेटवला असता तर..."



जत्रेला आम्ही एसटीने गेलो. सासूबाई पूर्ण वाटेत माझ्याशी बोलल्या नाहीत. मेहुण्यानं त्यांना दोनदा समजावलं. त्या म्हणाल्या, "पेट्रोल गळलं ते कळलं मला. मी काय कुक्कुली नाय. पन दिवा इझला त्याचं काय?" माझी बायको म्हणाली, "आई, विझला म्हणून तुझ्या नाती आहेत." त्यावर त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. थोरलीच्या अंगाला दोनदा साबण लावून आंघोळ घातली होती, तरी एसटीत शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला.

मला वाटलं होतं विषय संपला. पण दोन दिवसांनी मेहुण्याचा फोन आला. तो म्हणाला, टाकी चांगली आहे, दोष नळीचा आहे. नळी बाहेर काढून घेतो, मागच्या पत्र्याला भोक पाडू, गंज धरला तर धरू दे. टाकी काढली तर साडेअकरा हजार पाण्यात. हिशेबानं त्याचं चूक नव्हतं. नळी बाहेर घेतली असती तर टाकी बहुधा बरी चालली असती. पण त्याला मी पंपावर बघितलं होतं. बंद पडलेलं नोझल पुन्हा दाबायला लावणारा माणूस तोच होता, आणि बाक तोच होता, आणि त्यावर बसणाऱ्या मुलीही त्याच.

मी फोनवर काही बोलायच्या आत मागून मुलींच्या आईचा आवाज आला. ती त्याला म्हणत होती, "टाकी काढाल तर पोरी बसतील गाडीत. नायतर शाळेत पायी धाडीन न् माहेरी एसटीनं. मी बसनार नाय, त्यांना बसवू देनार नाय." मेहुणा पुन्हा फोनवर आला. मग म्हणाला, "ऐकलंत ना?"

"ऐकलं. खर्च मी करतो."

"तुमी का?"

"मला झोप लागत नाही म्हणून."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं शहापूरला गेलो. आदल्या दिवशी त्यानं टाकी रिकामी करून, सगळी झाकणं उघडी ठेवून गाडी उन्हात ठेवली होती. गॅरेजवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. तो नाही म्हणाला नाही आणि चूक झाली असंही म्हणाला नाही. "मी चार बोटं सांगितलेली," एवढंच म्हणाला. मेहुणा म्हणाला, "सांगितलेली." टाकी काढून त्यानं भिंतीला उभी केली. ती परत न्यायची नव्हती. ज्या टाकीत पेट्रोल होतं ती घरात ठेवायलाही नको आणि भंगारवाल्याच्या गॅसकटरखाली जायलाही नको, असं मी म्हणालो. "पाणी भरून ठेवतो, मग बघू," गॅरेजवाला म्हणाला.

महिन्याभरानं गिरणीच्या कामासाठी शहापूरला गेलो तेव्हा त्या गॅरेजावरून गेलो. भिंतीपाशी टाकी नव्हती.

"कुठे गेली?"

"बसवली एकाला. त्याची पन जीपच. तो पन नदीत घालतो."

"नळीचं सांगितलंस त्याला?"

"सांगितलं."

"मग?"

"म्हणाला, रंग नवीन हाय. बघू."

मी त्याचं गाव विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. मी आतल्या गाड्यांकडे एकदा नजर फिरवली आणि निघालो. तेव्हापासून रस्त्यावर जुनी जीप दिसली की मागच्या बाकावर कोण बसलंय ते मी आधी बघतो.

शेवटी दिले ते असे: गॅरेजवाल्याला ठरल्यापैकी राहिलेले साडेसात हजार आणि टाकी काढायची मजुरी बाराशे, दोन्ही मी दिले. टाकीचे त्यानं काही परत केले नाहीत. नव्या फोमचे नऊशे मेहुण्यानं मुरबाडच्या सीटवाल्याला दिले. आणि विझलेल्या दिव्यासाठी सासूबाईंनी म्हशाच्या देवळात गुरवाला एकशे एक रुपये दिले. ते मी देऊ केले होते. त्यांनी घेतले नाहीत, कनवटीची गाठ सोडून स्वतःचेच दिले.